ऐकू येणारे गाव : जासईच्या निमित्ताने ध्वनिचित्र-माध्यमांतील स्थळानुभवाचा विचार

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन संदर्भांत ठाऊक आहे. लोकनेते दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी याच गावात झाला, हा एक संदर्भ. नवी मुंबई प्रकल्पासाठी झालेल्या भूसंपादनाच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन पेटले आणि १६ व १७ जानेवारीच्या पोलीस गोळीबारात ज्यात पाच जणांचे प्राण गेले, त्या आंदोलनाची भूमी म्हणून असलेली या परिसराची ओळख हा दुसरा. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे जे तत्त्व पुढे प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत रूढ झाले, त्याचे मूळ याच लढ्यात आहे. अलीकडच्या काळात या दोहोंत एक तिसरा संदर्भ मिसळला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या त्या पुलाचे उरणकडचे टोक जासईशेजारच्या चिर्ले गावाजवळ जमिनीला टेकले. त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली.

एखाद्या गावाची नोंद इतिहासात हुतात्म्यांचे गाव म्हणून आणि नकाशावर पुलाचे टोक म्हणून होते, तेव्हा त्या गावात दररोज जगले जाणारे आयुष्य कोठे नोंदले जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. ग्रामीण व दलित साहित्याच्या चर्चेत तो वेगवेगळ्या रूपांनी आलेला आहे. परंतु आज गावाची प्रतिमा शब्दांपेक्षा ध्वनी व चलच्चित्र यांतूनच अधिक घडते आणि अधिक दूर जाते. त्यामुळे हा प्रश्न आता माध्यमसमीक्षेचाही झाला आहे. दैनंदिन स्थळाचा अनुभव ध्वनी व चित्र यांतून व्यक्त करू पाहणाऱ्या काही महत्त्वाच्या कृतींचा विचार जासईसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात केला आहे.

उंचीवरून दिसणारे गाव

जासई परिसराची जी चित्रणे आज सर्वाधिक पाहिली जातात, ती आकाशातून घेतलेली आहेत. ड्रोनचा कॅमेरा खाडीवरून सरकत येतो, पुलाची वक्ररेषा उलगडते, मार्गांची गुंतवळ एखाद्या रांगोळीसारखी दिसते आणि या साऱ्यावर कोठून तरी आणलेले भव्य संगीत वाजत राहते. गाव या चित्रात असते, पण छपरांचा एक पुंजका म्हणून. दोन रस्त्यांच्या मधली जागा म्हणून. या चित्रणांतील संगीत हा केवळ अभिरुचीचा प्रश्न मानून चालणार नाही. ड्रोनला कान नसतात. त्याच्या पंख्यांचा आवाज एवढा मोठा असतो, की त्यावर बसवलेला मायक्रोफोन निरुपयोगी ठरतो. म्हणूनच बहुतेक ड्रोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोयच नसते. हवाई चित्रण त्याच्या जन्मापासूनच मुके असते आणि त्या मुकेपणावर पांघरूण घालण्यासाठी संगीत लागते. जी दृष्टी स्थळ सर्वांत अधिक दाखवते तिला ते स्थळ मुळीच ऐकू येत नाही, हा तिचा तांत्रिक दोष आहे आणि तिचा विचारही त्याच दोषातून घडतो.

या दृष्टीला एक पूर्वपरंपरा आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांत धरणे, कारखाने व नवी नगरे यांवर एक धीरगंभीर आवाज बोलत असे. तो आवाज कोणत्याही जागेचा नसे. कामगाराच्या ओठांची हालचाल दिसे, पण त्याचे शब्द ऐकू येत नसत. त्याच्या वतीने निवेदक बोले. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या आखणीच्या नकाशाची भाषाही याच जातीची होती. नकाशात भातशेती, मिठागर, खाडी यांचे ‘क्षेत्र’ होते. तेथे कोण कोणाला कशी हाक मारते, भरतीचे पाणी उघाडीतून आत शिरताना कसा आवाज होतो, याला नकाशात रकाना नसतो.

मणी कौल : निवेदकाला बाजूला सारणे

याच फिल्म्स डिव्हिजनच्या छताखाली मणी कौल यांनी १९८० साली ‘अरायव्हल’ हा लघु माहितीपट केला. मुंबईत रोज येऊन पडणारा भाजीपाला, फळे, जनावरे आणि श्रम विकायला आलेली माणसे हा त्याचा विषय. यात निवेदन नाही. बाजारात उतरणारी वस्तू, तिला उचलणारा खांदा आणि कत्तलखान्याकडे जाणारे जनावर एकाच रांगेत येतात, आणि माल व माणूस यांतील भेद शहराच्या पोटात कसा पुसला जातो हे प्रेक्षकाला कोणी सांगितल्याशिवाय कळते.

‘अरायव्हल’चे मोठेपण त्याच्या नकारात आहे, असे म्हणता येईल. निवेदकाचा आवाज काढून घेतल्याबरोबर प्रेक्षकाचा कान रिकामा होतो आणि तो पडद्यावरच्या जागेकडे वळतो. मात्र या कृतीची मर्यादाही येथेच दिसते. त्यातील माणसे शहरात आलेली आहेत, शहराची नाहीत. ती बोलत नाहीत. निवेदकाची सत्ता नाहीशी झाली, पण तिच्या जागी आली ती दिग्दर्शकाच्या संकलनाची सत्ता. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ या २०२४ च्या चित्रपटाचा आरंभ या संदर्भात पाहण्याजोगा आहे. बाजार व रस्त्यांच्या दृश्यांवर स्थलांतरितांचे, न दिसणाऱ्या माणसांचे, निरनिराळ्या भाषांतील आवाज येतात व जातात. कौल यांनी जी जागा रिकामी केली, तीत चार दशकांनी बोलणारी माणसे येऊन बसली, असे या दोन कृती एकापाठोपाठ पाहताना वाटते. (ज्या महाविद्यालयांत माध्यम-अभ्यास शिकवला जातो, तेथे या दोन्ही कृती एकाच तासाला दाखवण्यास हरकत नसावी.)

जासईकडे पाहता ‘अरायव्हल’ची आठवण अपरिहार्य आहे. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले, तेव्हापासून हा परिसर ‘येणाऱ्या’ मालाचा परिसर आहे. पण येथे माल दिसत नाही. तो कंटेनरच्या पोलादी पेटीत बंद असतो. भाजीची टोपली, मेंढ्यांचा कळप, पोत्याखाली वाकलेली पाठ यांपैकी काहीच डोळ्यांना मिळत नाही. कंटेनरच्या आत काय आहे हे ट्रेलरच्या चालकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. दृश्य अशा रीतीने सीलबंद झाल्यावर उरतो तो ध्वनी : ट्रेलरची घरघर, हवेच्या ब्रेकचा फूत्कार, वाहन मागे घेताना वाजणारी एकसुरी घंटी, पेटीवर पेटी ठेवताना उठणारा धातूचा धक्का, मालगाडीची लांबत जाणारी खडखड. कौल यांनी जे डोळ्यांनी केले ते येथे कानांनी करावे लागेल.

ध्वनिभूदृश्याची कल्पना आणि तिची अडचण

स्थळाच्या ध्वनीचा शास्त्रशुद्ध विचार करण्याचे श्रेय कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर यांच्याकडे जाते. त्यांच्या मांडणीनुसार प्रत्येक स्थळाला एक आधारस्वर असतो. तो सतत असतो म्हणूनच ऐकला जात नाही. काही ध्वनी संकेत म्हणून लक्ष वेधून घेतात, आणि काही ध्वनी त्या समाजाची ओळखखूण बनतात. या वर्गीकरणाचा लाभ मराठी वाचकाला गिरणगावाच्या उदाहरणाने लगेच उमगतो. गिरणीचा भोंगा हा संकेत होता व ओळखखूणही होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर तोही ओसरत गेला. अंजली मोंटेरो व के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ (२००१) या माहितीपटात नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांच्या साहाय्याने हे गेलेले कामगारविश्व पुन्हा उभे केले जाते. ते उभे राहू शकते, कारण गिरणगावाला कवी होता, चित्रकार होता, लोकनाट्य होते. आवाज नाहीसा झाला तरी त्याचे शब्दरूप मागे उरले. बंदरामागच्या गावांच्या बाबतीत असा साठा अत्यंत तोकडा आहे, म्हणून तेथे ध्वनिचित्रावरची जबाबदारी वाढते.

शेफर यांच्या विचारात मात्र एक अडचण आहे व ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीने यंत्रपूर्व ग्रामीण परिसर स्वच्छ होता, त्यात दूरचा बारीक आवाजही स्पष्ट ऐकू येई. यंत्रयुगाने तो गढूळ केला. ही मांडणी जासईला लावली की लगेच एक सोपी शोककथा तयार होते : पूर्वी खाडी, मीठ, भात आणि शांतता, आता ट्रेलर आणि गोंगाट. ही कथा सर्वस्वी खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. आगर या शब्दावरून ज्यांचे नाव आले असे मानले जाते, त्या आगरी समाजाचे मिठागरातील व खारभूमीतील श्रम शांत नव्हते; उन्हाने व कर्जाने पिळलेल्या त्या कष्टांना रम्य ध्वनिचित्राची पार्श्वभूमी बनवणे हा त्यांचा अवमान ठरेल. शिवाय आज रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांत भूमिपुत्रांचीही वाहने आहेत. जमीन गेल्यानंतर वाहतूक, गोदामे व बंदराशी निगडित लहानमोठी कामे यांवर अनेक घरे चालतात. जो आवाज झोप मोडतो तोच हप्ताही फेडतो. शेफर यांच्या वर्गीकरणात अशा ध्वनीसाठी स्वतंत्र जागा नाही.

या पेचाचे मराठीतील सर्वांत नेमके चित्रण एका लघुपटात सापडते, आणि तो बंदराविषयी नाही. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ (२००५) हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला, राष्ट्रीय पुरस्कार लाभलेला लघुपट एका लहान घराविषयी आहे. उदरनिर्वाहासाठी आई घरातच पिठाची गिरणी सुरू करते. आरंभी मुलाला त्या यंत्राचे अप्रूप वाटते. हळूहळू तिची घरघर त्याच्या अभ्यासात, झोपेत, खेळात शिरते. घर तेच, भिंती त्याच, पण आवाजाने घराचे क्षेत्रफळ कमी होत जाते. येथे गोंगाट बाहेरून आलेला शत्रू नाही. त्याच गोंगाटावर भाकरी अवलंबून आहे, आणि आईचा कान व मुलाचा कान एकाच ध्वनीला वेगवेगळा अर्थ देतात. दिग्दर्शकाने कोणाचीही बाजू निवेदनातून घेतलेली नाही. एकच आवाज प्रत्येक दृश्यात थोड्या वेगळ्या अंतरावरून ऐकवला जातो, आणि त्या अंतरांतून नाते उलगडते. ध्वनी ‘लावणे’ आणि ध्वनीतून विचार करणे यांतील फरक समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही. जासईवर चित्रपट करू पाहणाऱ्याने प्रथम बंदरावरचे माहितीपट पाहण्याऐवजी ‘गिरणी’ पाहावा, असे सुचवावेसे वाटते.

डेसिबल आणि अर्धे राहिलेले वाक्य

गोंगाटाची नोंद शासनव्यवहारात होतच नाही असे नाही. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांत ध्वनिमापनाचे तक्ते असतात व जनसुनावणीत ते मांडले जातात. या आकड्यांचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. न्यायालयात तेच टिकतात. पण आकड्याला काय ऐकू येत नाही, याचाही विचार व्हावयास हवा. हमरस्त्यालगतच्या घरात दोन माणसे बोलत असताना ट्रेलर आला की वाक्य अर्ध्यावर थांबते. वाहन पुढे गेल्यावर ते तेथूनच पुढे सुरू होते. थांबणाऱ्याला आपण थांबलो याचे भानही राहत नाही. संभाषणाची ही लय, म्हणजे बोलणे, थांबणे, पुन्हा बोलणे, कोणत्याही मापकात उमटत नाही. दहा मिनिटांच्या अखंड ध्वनिमुद्रणात ती कोणालाही ऐकू येईल.

अट एकच : मुद्रण अखंड हवे, आणि थांबलेला क्षण कापला जाऊ नये. प्रचलित मुलाखत-पद्धतीत नेमके उलट घडते. गाडी आली की मुलाखतकार हात वर करतो, ‘थांबा, आवाज जाऊ द्या’ म्हणतो आणि संकलनात तो तुकडा फेकला जातो. व्यावसायिक शुद्धतेच्या नावाखाली, जे सांगण्यासाठी कॅमेरा आणला तेच नष्ट केले जाते.

यात भर पडते ती उपकरणांची. हाती असलेला मोबाइल हा तटस्थ साक्षीदार नाही. मानवी आवाज उठून दिसावा म्हणून त्यातील यंत्रणा सतत चालणारी खालची घरघर ‘अनावश्यक’ समजून दाबते. शांतता आली की संवेदनक्षमता आपोआप वाढवते आणि मोठा आवाज आला की घटवते. परिणामी दूरचा बेडूक आणि जवळचा ट्रेलर मुद्रणात जवळजवळ समान उंचीवर येऊन बसतात. ज्याला शेफर आधारस्वर म्हणतात तोच यंत्राच्या दृष्टीने कचरा ठरतो. स्थळानुभवाच्या नोंदीसाठी मोबाइल वापरू नये असे याचे तात्पर्य काढणे अव्यवहार्य होईल. ध्वनिपातळी हाताने ठरवता येणारी साधी मुद्रण-ॲप उपलब्ध आहेत. पण यंत्राने आधीच केलेली निवड ध्यानात न घेता ‘जसे आहे तसे टिपले’ असा दावा करणे मात्र भाबडेपणाचे आहे.

‘जसे आहे तसे’ या दाव्याविषयी ल्युक फेरारी या फ्रेंच संगीतकाराची ‘प्रेस्क रियँ’, म्हणजे ‘जवळजवळ काहीच नाही’, ही १९७० मध्ये पूर्ण झालेली रचना पुष्कळ शिकवते. ॲड्रियाटिक किनाऱ्यावरील एका मच्छीमार गावातील पहाट तीत सुमारे वीस मिनिटे ऐकू येते : होडीचे यंत्र, माणसांची कुजबुज, गाढव, वाहन, आणि शेवटी सर्वांवर पसरत जाणारा कीटकांचा कर्कश नाद. वाद्य नाही. ऐकताना वाटते, कोणी खिडकीत मायक्रोफोन ठेवून निघून गेले. प्रत्यक्षात ती एक सकाळ नाही. अनेक पहाटांचे मुद्रण करून, निवडून, जोडून तिची रचना केलेली आहे. फेरारी यांची कारागिरी स्वतःला पुसून टाकते. हे कलेचे यश आहे. पण पुरावा म्हणून पाहू गेल्यास तीच मर्यादा होय. उरणच्या खाडीकाठी अशी पहाट रचावयाची झाली तर ती पहाट कोणत्या ऋतूतली, कोणत्या भरतीची, कोणत्या वर्षातली हे नोंदवणे रचनेइतकेच आवश्यक ठरेल, कारण दोन-चार वर्षांत ती जागा तशी राहील याची शाश्वती नसते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले व त्याच वर्षअखेरीस उड्डाणे सुरू झाली. या पट्ट्याच्या आकाशाचा आवाजही त्यामुळे बदलला. २०२४ पूर्वीचे कोणतेही साधे मुद्रण आता दस्तऐवज आहे.

संगीत कोणी लावले?

हवाई चित्रणावरील संगीताला वर आक्षेप घेतला. त्यावरून, स्थळाच्या चित्रणात संगीत असूच नये असा नियम निघतो काय? मुंबईतील ‘कॅम्प’ या कलासमूहाची ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३) ही कृती या नियमाला छेद देते. कच्छच्या आखातातून लाकडी जहाजांवर माल घेऊन इराणी व एडनच्या आखातांपर्यंत जाणाऱ्या खलाशांनी स्वतःच्या मोबाइलवर टिपलेली चित्रणे या चित्रपटाचा मुख्य ऐवज आहेत. खलाशी एकमेकांना ती चित्रणे पाठवीत, आणि पाठवताना त्यांवर आपल्या आवडीची गाणी चढवीत. कलावंतांनी ती गाणी काढून टाकली नाहीत. समुद्राचा ‘खरा’ आवाज त्यामुळे अनेक ठिकाणी ऐकू येत नाही. पण ज्याने तो समुद्र आठ-दहा महिने ऐकला त्याला त्याच्यावर गाणे का लावावेसे वाटले, हे ऐकू येते.

निकष येथे सापडतो. प्रश्न संगीत असण्यानसण्याचा नसून ते कोणी व कोठून लावले याचा आहे. आगरी-कोळी गाण्यांच्या ठेक्यावर बसवलेली ट्रेलरची, हळदीची, बैलांच्या शर्यतीची छोटी चित्रणे या परिसरातील तरुण रोज बनवतात. सुशिक्षित प्रेक्षक ती उथळ म्हणून पुढे सरकवतो. परंतु स्वतःच्या ट्रेलरला सजवून त्यावर स्वतःच्या बोलीतील गाणे लावणारा तरुण, वर ज्याचा उल्लेख केला त्या दुहेरी ध्वनीलाच उत्तर देत असतो. ते उत्तर अभ्यासकाला रुचेल असे नसले, तरी उत्तर आहे. कॅम्पच्या कृतीचे महत्त्व असे, की तिने ‘टिपणारा’ व ‘टिपला जाणारा’ ही विभागणीच मोडली. तिची उणीव सांगावयाची तर, प्रत्येक चित्रणाचा कर्ता स्वतंत्र असूनही अखेरची जोडणी, क्रम व प्रदर्शनाची जागा ठरवली ती कलावंतांनीच. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग त्याच वर्तुळातून २००८ साली सुरू झालेल्या ‘पाड.मा’ या संग्रहाने दाखवला. तेथे तयार चित्रपटांपेक्षा न कापलेले कच्चे चित्रण जपले जाते आणि त्यावर कालक्रमानुसार टिपणे जोडता येतात. पुढचा कोणीही त्याची वेगळी जोडणी करू शकतो.

जात्यापासून धवल्यापर्यंत

महाराष्ट्रातील ध्वनिसंग्रहाचा विचार जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाला टाळून करता येत नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या केंद्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या शब्द, ध्वनी व चित्र अशा तिन्ही रूपांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या कार्याचे मोल वादातीत आहे. समीक्षेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे असे, की ओवी बराच काळ संहिता म्हणून गोळा केली गेली; दगडाची घरघर, मध्येच रडणारे मूल, दुसऱ्या बाईने उचललेली ओळ यांना संहितेत स्थान नव्हते. ध्वनी आल्यावर कळले, की ओवीचा अर्धा अर्थ या ‘अडथळ्यां’त होता.

आगरी विवाहातील धवल्यांबाबत हीच चूक टाळण्याची संधी अजून आहे. धवलारीण ही लग्नविधीची केवळ गायिका नसते. विधी तिच्या स्वरातूनच पुढे सरकतो. तिला घराबाहेर, शांत खोलीत बसवून गाऊन घेतले तर शब्द शुद्ध मिळतील. पण मांडवात तिच्या स्वराला शेजारच्या ध्वनिवर्धकांशी, पाहुण्यांच्या गलक्याशी व मुख्य रस्त्याशी जी स्पर्धा करावी लागते, ती त्या मुद्रणात असणार नाही. धवला आज कोठे उभा आहे, हे त्या स्पर्धेतच कळते. अभ्यासकाने दोन्ही मुद्रणे करावीत व कोणते कोठले हे स्पष्ट लिहावे.

स्मरणाचा आवाज

१६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. भाषणे होतात, घोषणा दिल्या जातात. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी भूमिपुत्रांनी मानवी साखळी उभी केली, तेव्हा १९८४ ची आठवण एका नव्या पिढीच्या तोंडी आली. या प्रसंगांचे चित्रण होते व ते व्हावयासच हवे. मात्र बहुतेक चित्रणे व्यासपीठाकडे तोंड करून केलेली असतात. वक्त्याच्या मायक्रोफोनमधून थेट घेतलेला स्वच्छ ध्वनी, पुष्पचक्राचे निकटदृश्य, घोषणा. ज्या जमिनीसाठी माणसे मेली त्या जमिनीचे पुढे काय झाले, हे या चित्रणांत नसते. आणि ते दाखवण्यासाठी वेगळ्या आकडेवारीची आवश्यकताही नाही. कॅमेरा व्यासपीठाकडे पाठ करून श्रोत्यांत ठेवला आणि ध्वनी तेथूनच घेतला, तर भाषण, त्याच्या मागे बाजूच्या रस्त्यावरून बंदराकडे जाणारी वाहने, आणि भाषण ऐकत असतानाच शेजाऱ्याशी आगरी बोलीत काही पुटपुटणारी वृद्ध स्त्री, असे तीन थर एकाच वेळी ऐकू येतील. पहिला थर १९८४ विषयी बोलतो. दुसरा थर म्हणजे १९८४ नंतर जे घडले ते. तिसरा थर पहिल्या दोहोंना जोडतो, आणि नेमका तोच आजवर ‘गडबड’ म्हणून गाळला गेला आहे.

त्या वृद्ध स्त्रीचे शब्द वापरण्यापूर्वी तिची संमती घ्यावी लागेल, हेही येथेच नमूद केले पाहिजे. चेहरा धूसर करता येतो, तसा लहान गावात आवाज धूसर करता येत नाही. बोलीच्या एका हेलावरून माणूस ओळखला जातो. कोणत्या पाड्याचा, कोणत्या घरातला, हेसुद्धा. जमिनीच्या हिश्श्यांवरून अजूनही वाद चालू असलेल्या गावात एखादे पुटपुटणे न्यायालयापर्यंत जाऊ शकते. म्हणून मुद्रण झाल्यावर ते ज्याचे त्याला ऐकवणे, त्याने नको म्हटलेला भाग पुसणे आणि मूळ प्रत गावातच, ग्रंथालयात वा शाळेत ठेवणे, या गोष्टी कार्यपद्धतीच्या परिशिष्टात ढकलता येणार नाहीत.

प्रकल्पाच्या पातळीवर पाहता, उरण-पनवेल पट्ट्यातील महाविद्यालयांना यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. या महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी याच गावांतून येतात, याच बोलीत विचार करतात आणि त्यांच्या हाती मुद्रणाचे साधन आहे. एका विद्यार्थ्याने एकच जागा, मग ते घराचे ओसरीवजा तोंड असो, बसथांबा असो वा खारभूमीच्या बांधावरची उघाडी असो, वर्षभर महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे, कॅमेरा न हलवता व आवाज न कापता टिपावी. बाराव्या महिन्यात विद्यार्थ्याकडे दोन तासांचे चित्रण असेल. त्यात बहुतेक वेळ काहीच घडणार नाही. पावसाळ्याच्या दोन-तीन तुकड्यांत पाण्याचा आवाज रस्त्याच्या आवाजाला काही काळ झाकून टाकील, आणि घरातील माणसे त्या वेळी नेहमीपेक्षा लांब वाक्ये बोलताना ऐकू येतील.